आधी जागा शोध

अनेक आशीर्वाद.

तुझ्या चित्रपटाची संहिता दोनदा वाचली. अकरा भुतं आणि एक अवकाशयान! उत्साह भावला. पण खर्चाचा आकडा पाहून तू हातपाय गाळलेस, आणि 'सध्या नुसती लग्नंच शूट करते' हे तर माफी मागितल्यासारखं लिहिलंस. ते मला लागलं.

अमेरिकेत कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावी हर्क हार्वे सेंट्रॉन कंपनीत शाळा-कारखान्यांसाठी शैक्षणिक फिल्म करायचा. एकदा कॅलिफोर्नियाहून गाडीने परतताना ग्रेट सॉल्ट लेकच्या काठी त्याला सॉल्टेअर दिसलं. एके काळी गजबजलेलं, आता ओस पडलेलं करमणुकीचं ठिकाण, वर मावळतीचा उजेड. परतल्यावर त्याने सहकारी जॉन क्लिफर्डला सांगितलं, कथा तुला हवी तशी लिही, शेवटी मात्र तिथल्या नाचघरात मेलेली माणसं नाचली पाहिजेत. त्यातून १९६२ चा 'कार्निव्हल ऑफ सोल्स' हा भयपट झाला. खर्च सुमारे ३३ हजार डॉलर, शूटिंग तीन आठवडे. नायिकेच्या मागे लागणारा पांढराफटक माणूस हार्वे स्वतःच झाला: चेहऱ्याला पांढरा रंग, डोळ्यांभोवती काळं, अंगात काळा सूट. रात्री गाडीच्या काचेत तिच्या प्रतिबिंबाच्या जागी तो चेहरा उमटतो. तेवढा प्रसंग आधी आवाज बंद करून बघ, मग आवाजासह. संगीत म्हणजे ऑर्गन. नायिका स्वतःच ऑर्गन वाजवणारी, त्यामुळे ते सूर तिच्याच डोक्यातून आल्यासारखे वाटतात.

मोजक्या माणसांत, परक्या जागी, वेळेत काम उरकणं हार्वे नोकरीतच शिकला होता. अंतरपाट दूर होतो तो क्षण तुला कुणी पुन्हा करून दाखवत नाही, तरी तू तो चुकवत नाहीस. मग लाज कसली?

आपल्याकडे रामसे कुटुंबाने 'दो गज ज़मीन के नीचे' (१९७२) हा भयपट महाबळेश्वरला जाऊन असाच घरच्या माणसांच्या बळावर केला.

कागदपत्रांकडे मात्र दुर्लक्ष नको. अमेरिकन दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोच्या मंडळींनी १९६८ मध्ये चॉकलेट सिरपचं रक्त करून 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' काढला. ऐन वेळी नाव बदललं, पडद्यावरच्या नव्या नावाच्या पाटीवर कॉपीराइटची ओळ राहून गेली, आणि चित्रपटावरचा हक्कच गेला. जगभर गाजला, पण कुणीही प्रती काढून विकाव्यात अशी गत झाली.

अवकाशयान तूर्त काढून टाक. भुतांपैकी एक ठेव. तुझ्या मामाच्या गावची बंद पडलेली तेलघाणी म्हणालीस ना, तिथे सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीला जाऊन फोटो काढ. रविवारी ते घेऊन ये.

तुझा,
सर