संविधानावर ‘श्रद्धा’ की संविधानाशी ‘निष्ठा’?

नाशिकच्या सिडकोतल्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न आहे. मंत्र्यांचा शपथविधी त्यांनी वर्गात दाखवला, तेव्हा आठवीतल्या एका मुलानं शंका काढली : ‘‘आम्ही रोज प्रतिज्ञेत नुसती निष्ठा म्हणतो. मंत्री श्रद्धा आणि निष्ठा असं दोन्ही म्हणतात. श्रद्धा तर देवावर असते, मग ती संविधानावर कशी?’’ त्याला बाईंनी स्वतःची पुरवणी जोडली आहे : ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ हे मराठी बरोबर, की ‘ईश्वराच्या साक्षीने’ म्हणायला हवं?

मुलाचे कान चांगलेच तयार आहेत. शाळेतल्या प्रतिज्ञेत शेवटाकडे ‘माझा देश आणि माझे देशबांधव यांच्याशी निष्ठा राखण्याची मी प्रतिज्ञा करीत आहे’ असं वाक्य आहे. तिथे देशावर प्रेम आहे, परंपरांचा अभिमान आहे, वडीलधाऱ्यांचा मान आहे. श्रद्धा हा शब्द कुठेच नाही. मंत्र्याच्या शपथेत मात्र ‘भारताच्या संविधानाबद्दल मी खरी श्रद्धा व निष्ठा बाळगीन’ हे अगदी पहिलं वचन. ही जोडी इंग्रजी मसुद्यातल्या ‘फेथ अँड अलीजन्स’वरून आली. तिथला ‘फेथ’ धर्मातला नव्हे. दिल्या शब्दाला जागणं, इमान राखणं, हा त्याचा जुना अर्थ. तेव्हा भाषांतर करणाऱ्यानं ‘फेथ’ दिसताच डोळे मिटून ‘श्रद्धा’ लिहून टाकलं, असा आरोप करायचा मोह होतो. काही जाणकार तो करतातही.

मला तो पटत नाही, आणि पुरावा त्याच शपथेत दोन ओळी खाली आहे. ‘माझी कर्तव्ये निष्ठापूर्वक व शुद्ध बुद्धीने पार पाडीन’ हे वाक्य घ्या. मूळ इंग्रजीत इथेही ‘फेथ’चंच क्रियाविशेषण आहे, ‘फेथफुली’. हिंदी शपथेत त्या जागी ‘श्रद्धापूर्वक और शुद्ध अंतःकरण से’ असं येतं. मराठीनं तिथे श्रद्धा काढून निष्ठा घातली. म्हणजे मराठी मसुदा करणाऱ्याला दोन्ही शब्दांचं वजन ठाऊक होतं. संविधानावर श्रद्धा हवी, पण फायली हातावेगळ्या करायला श्रद्धा कामाची नाही, तिथे निष्ठा लागते आणि डोकं ठिकाणावर लागतं. ‘अंतःकरणा’ऐवजी ‘बुद्धी’ वापरली तीही मला मराठी स्वभावाला धरून वाटते. (‘ममत्वभाव किंवा आकस न बाळगता’ हा तुकडा तर मला फार आवडतो. ‘आकस’ हा शब्द सरकारी कागदावर इतका चपखल बसलेला दुसरीकडे दाखवा.)

आता ‘श्रद्धा देवावरच असते’ या समजुतीकडे. शब्दाची फोड श्रत् + धा अशी आहे. ‘धा’ म्हणजे ठेवणं. ‘श्रत्’चा अर्थ वैदिक कोशपरंपरा ‘सत्य’ असा देते, तर तौलनिक भाषाशास्त्रवाले तो ‘हृदया’शी जोडतात. कुठलाही घ्या, सत्य मानून किंवा जीव लावून एखाद्या गोष्टीवर भार टाकणं, असं काहीसं हाती लागतं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात श्रद्धेवर एक अख्खं सूक्त आहे आणि तिथे श्रद्धा हीच देवता आहे. ती अमुक देवावरच ठेवावी अशी अट नाही.

नाशिककरांना तर याचा दाखला शोधायला लांब जायला नको. रामकुंडावर रोज पिंडदानं चालतात. ‘श्राद्ध’ हा शब्द श्रद्धेपासूनच आला, आणि ते करायचं असतं पितरांसाठी, म्हणजे माणसांसाठी. तीर्थोपाध्याय वही काढतो, पणजोबांचं नाव वाचून दाखवतो; नातवानं त्यांना कधी पाहिलेलं नसतं, तरी तो हातात दर्भ धरून बसतो. ‘श्रद्धांजली’ही आपण देवाला वाहत नाही, गेलेल्या माणसालाच वाहतो. आणि मुंबई नाक्यावर वाढदिवसाच्या फलकावर ‘आमचे श्रद्धास्थान’ असं ज्यांच्या फोटोखाली छापलेलं असतं, ते देव नसतात एवढं तर आठवीतल्या मुलालाही कळतं. तेव्हा संविधानावर श्रद्धा हा प्रयोग मराठीच्या चालीला सोडून नाही.

‘निष्ठा’ म्हणजे नि + स्था. एखाद्या जागी ठाम उभं राहणं. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ज्या दोन निष्ठा सांगितल्या आहेत, ते जगण्याचे दोन मार्ग आहेत. शब्दाची ही उंची बघा, आणि मग महापालिकेच्या निवडणुकीत एबी फॉर्म (पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचे कागद) वाटले जातात त्या रात्री पक्ष कार्यालयाबाहेर जाऊन उभे राहा. ‘निष्ठावंतांना डावललं’, ‘उपऱ्यांना तिकीट’, ‘वीस वर्षं सतरंज्या उचलल्या त्याचं हे फळ’. इथे निष्ठावंत म्हणजे पक्षात जुना असलेला, आणि अजून काही न मिळालेला. मिळालं की तो निष्ठावंत उरत नाही, पदाधिकारी होतो. या निष्ठेचा भाव इतका वर-खाली होऊ लागला की तिच्यासाठी १९८५ मध्ये पक्षांतरबंदीचा कायदा करावा लागला. संविधानावरच्या श्रद्धेसाठी असा कायदा नाही, करताही येणार नाही. शपथेत ‘खरी’ हे विशेषण आहे ते बहुधा म्हणूनच.

व्याकरणात मात्र मला एक खोट काढायची आहे. आपण देवाची भक्ती करतो, देवावर श्रद्धा ठेवतो आणि पक्षाशी निष्ठा राखतो. तीन शब्दांना तीन वेगळे जोड. शाळेच्या प्रतिज्ञेत ‘यांच्याशी निष्ठा’ आहे ते कानाला बरोबर लागतं. शपथेत दोन्ही शब्द एकाच ‘बद्दल’ला बांधले आहेत. ‘संविधानाबद्दल आदर’ शोभतं, ‘संविधानाबद्दल कुतूहल’ शोभतं; ‘संविधानाबद्दल निष्ठा’ ऐकताना मात्र मंत्रिमहोदय दोन पावलं लांब उभे राहून बोलताहेत असं वाटतं. माझ्या हातात असतं तर मी ‘संविधानावर श्रद्धा आणि संविधानाशी निष्ठा’ असं केलं असतं. वाक्य थोडं लांबलं असतं, इतकंच.

बाईंनी विचारलेलं नाही, पण वर्गात पुढचा प्रश्न हाच येणार : देशभक्ती म्हणतो, मग शपथेत भक्ती का नाही? घटना समितीतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेब आंबेडकरांनी याचं उत्तर दिलेलं आहे. धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल. राजकारणातली भक्ती किंवा विभूतिपूजा हा अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा हमखास मार्ग आहे, असा त्यांचा इशारा होता. भक्ताला आराध्य दैवताची चूक काढता येत नाही. श्रद्धावानाला काढता येते, निदान यायला हवी. एवढ्यासाठी हे दोन शब्द वेगळे ठेवायचे.

या तिन्ही शब्दांची कसोटी एकाच आयुष्यात लागलेली पाहायची असेल, तर आंबेडकरांचे सहकारी, नाशिकचेच कर्मवीर दादासाहेब (भाऊराव) गायकवाड पाहावेत. दिंडोरी तालुक्यातलं आंबे हे त्यांचं गाव. भाभानगरातल्या सभागृहाला त्यांचं नाव आहे, आणि तिथे नाटकं बघणाऱ्या कित्येकांना त्यापलीकडे काही ठाऊक नसतं. २ मार्च १९३० ला, अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून, काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व आंबेडकरांचं, आणि इथली रोजची धुरा भाऊराव गायकवाडांवर. ज्या रामाच्या दारात ही माणसं उभी होती त्याच्यावर त्यांची श्रद्धा नव्हती म्हणावं, तर इतकी वर्षं कुणी दार ठोठावत नाही. आणि श्रद्धाच होती म्हणावं, तर ३ मार्च १९३४ चं आंबेडकरांचं गायकवाडांना आलेलं पत्र आड येतं. अस्पृश्यांना मूर्तिपूजक करावं म्हणून मी ही चळवळ सुरू केली नव्हती, त्यांच्यात जाग आणायला हा मार्ग मला योग्य वाटला, असं त्यात त्यांनी स्वच्छ लिहिलं आहे. दुसऱ्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, याच जिल्ह्यात येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. १९५६ मध्ये गायकवाडांनीही बौद्ध धर्म स्वीकारला.

याच काळात त्यांच्या वाट्याला दोन वेगळ्या शपथा आल्या. १९३७ मध्ये ते मुंबई विधानसभेवर निवडून गेले. तेव्हा १९३५ च्या भारत सरकार कायद्यातला शपथेचा नमुना होता, त्यात प्रत्येक सदस्याला हिंदुस्थानच्या बादशहाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी लागे. १९५७ मध्ये ते नाशिकमधून लोकसभेवर गेले, तेव्हा समोर संविधान होतं. धर्म बदलला, शपथेतला धनी बदलला, पण ज्यांच्यासाठी ते सभागृहात गेले होते ती माणसं तीच राहिली : खासदार असतानाच १९५९ मध्ये त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. बादशहाशी ‘निष्ठा’ पुरत होती, कारण तिथे फक्त उभं राहायचं होतं. आपणच केलेल्या संविधानाच्या शपथेत ‘श्रद्धा’ आली ती मला म्हणूनच रास्त वाटते. वर्गात हा शब्द समजावताना बाईंनी बाकी उदाहरणं बाजूला ठेवून हेच घ्यावं.

राष्ट्राबद्दलचं जे वाक्य आज शपथेत आहे, ‘भारताची सार्वभौमता व एकात्मता उन्नत राखीन’, ते मुळात तिथे नव्हतंच. काही भागांतून फुटून निघण्याची भाषा होऊ लागली होती, म्हणून १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीनं ते घातलं. गंमत अशी, की चीनच्या आक्रमणानंतर नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ असं सगळा महाराष्ट्र म्हणाला, आणि त्या वेळी त्यांनी घेतलेल्या मंत्रिपदाच्या शपथेत सार्वभौमतेचा उल्लेखही नव्हता. १९६३ मध्ये नाशिकनं त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठवलं. ‘उन्नत राखीन’ हा शब्दप्रयोग मात्र मला आजही कृत्रिम वाटतो. मराठीत मान उन्नत असते, मस्तक उन्नत असतं. सार्वभौमता अबाधित असते.

आणि ‘सेवा’? प्रचारात ‘सेवेची एक संधी द्या’ म्हणणाऱ्यांच्या शपथेत हा शब्द नाही. मंत्र्याला कर्तव्यं आहेत. जनतेच्या सेवेला वाहून घेण्याचं वचन राष्ट्रपती आणि राज्यपाल देतात. जनतेपुढे मतं मागायला जाणारे ते दोघे नव्हेत.

आता ‘ईश्वरसाक्ष’. बाई, शब्द बरोबर आहे. समक्ष, प्रत्यक्ष, साक्ष ही सगळी ‘अक्ष’ म्हणजे डोळा या एका घरातली. ‘समक्ष भेटून सांगतो’मध्ये ‘समक्ष’ला जसा प्रत्यय लागत नाही, तसाच ‘ईश्वरसाक्ष’लाही नको. ‘अग्निसाक्ष लग्न’ आपण म्हणतोच. ‘ईश्वराच्या साक्षीने’ हेही शुद्ध मराठी आहे, पण शपथेचा मजकूर संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत ठरवून दिलेला आहे. बोलणाऱ्यानं त्यात आपली भर घालायची नसते. ३० डिसेंबर २०१९ च्या मंत्रिमंडळ विस्तारात एका मंत्र्यानं पदरची वाक्यं जोडली, तेव्हा राज्यपालांनी त्यांना पुन्हा शपथ घ्यायला लावली होती.

देव नको असेल त्याला पर्याय आहे. त्या नमुन्यात ‘गांभीर्यपूर्वक’ असा शब्द येतो आणि ईश्वर गाळला जातो. घटना समितीत या दोन वाटांवर डिसेंबर १९४८ मध्ये चर्चा झाली होती. पुढे १७ ऑक्टोबर १९४९ ला उद्देशिकेची सुरुवातच ‘ईश्वराच्या नावाने’ करावी अशी दुरुस्ती ह. वि. कामत यांनी मांडली, ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. म्हणजे उद्देशिकेत देव नाही आणि शपथेत तो ज्याच्या-त्याच्या मर्जीवर आहे. दोन्ही नमुन्यांचं वजन कायद्यानं सारखंच. ‘गांभीर्यपूर्वक’ म्हणणारा नास्तिकच असतो असंही नाही. बौद्ध माणसाला जगाचा कर्ता ईश्वर मान्य नसतो, पण त्याच्या श्रद्धेला त्यानं काही उणं येत नाही.

मूळच्या ‘शपथ’ शब्दात मात्र गांभीर्यापेक्षा भीती जास्त आहे. शप् म्हणजे शाप देणं, त्याच धातूचा ‘शाप’. खोटं बोललो तर माझं वाईट होवो, असा तो स्वतःलाच दिलेला सशर्त शाप. म्हणून बेलभंडार उचलत, गंगेत (नाशिककराची गंगा म्हणजे गोदावरी, हे बाहेरच्यांसाठी) उभं राहून बोलत, आईच्या गळ्याची शप्पथ घालत. आणि मुलं लगेच ‘सुटली म्हण, सुटली म्हण’ करून त्यातून मोकळीही होत. राज्यपालांसमोर ही सोय नाही.

जाता जाता फलकलेखनासाठी : समारंभाला ‘शपथविधी’ म्हणावं. ‘शपथग्रहण समारोह’ हे हिंदीतून आलं आहे, आणि नुसतं ‘ग्रहण’ म्हटलं की मराठी माणूस आधी आभाळाकडे बघतो. शपथ स्त्रीलिंगी आहे, तेव्हा ‘शपथ घेतली’. मंत्र्यांना राज्यपाल शपथ ‘देतात’, मंत्री ती ‘घेतात’. खेरीज मुलानं वहीत ‘संविधानावर श्रद्धा’ असं लिहिलं असेल तर ते कापू नये.