अ‍ॅमस्टरडॅममध्ये एकट्याने राहताना

तुम्ही प्रथमच एकटे निघाला आहात, म्हणून आधी हे लक्षात घ्या की हॉटेलचा दर बहुधा माणशी नसून खोलीमागे असतो, आणि जो खर्च एरवी दोघांत वाटला गेला असता, तो तुमच्या एकट्याच्या खिशावर पडतो. नेदरलँड्ससह युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या अर्जासाठी निवासाचा पुरावा लागतो. व्हिसा मिळाला नाही तर पैसे अडकू नयेत, म्हणून विनाशुल्क रद्द करता येईल असेच आरक्षण करावे.

अ‍ॅमस्टरडॅममध्ये 2024 पासून खोलीच्या दरावर 12.5 टक्के पर्यटन कर आहे आणि सुरुवातीला दिसणाऱ्या किमतीत तो धरलेला असेलच असे नाही, म्हणून तुलना नेहमी अंतिम रकमेची करावी. 27 एप्रिलच्या राजदिनाच्या (राजाच्या वाढदिवसाच्या सणाच्या) आसपास आणि ट्यूलिपच्या हंगामात दर फार चढतात.

शहराच्या मध्यभागाचा हट्ट सोडून शेजारच्या हारलेम गावात शोध घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. रेल्वेने जेमतेम पंधरा-वीस मिनिटे लागतात, शिवाय संध्याकाळी परतल्यावर त्या शांत, जुन्या गावात फिरण्याचे सुख वेगळेच आहे. मात्र रोजच्या जाण्यायेण्याचे भाडे हिशेबात धरावे.

कालव्याकाठच्या जुन्या इमारतीतील खोली स्वस्त दिसली, तर लिफ्ट आहे का हे आधी विचारावे. तिथले जिने शिडीसारखे उभे असतात, पायरीवर पाऊल पुरते मावत नाही, आणि वीस किलोची बॅग एका हाताने वर नेताना दुसरा हात कठड्यावरून काढता येत नाही.

हॉस्टेलमध्ये राहणार असाल तर लॉकरसाठी स्वतःचे कुलूप न्यावे.