इंग्लिश रॉक गिटारिस्ट एरिक क्लॅप्टनचं आत्मचरित्र त्याची गाणी माहीत नसताना वाचण्यात अर्थ आहे का?

आहे, वाचा. इंग्रजी सोपं आहे, आणि 'टीअर्स इन हेवन' तरी कधीतरी कानावर पडलं असेलच.

मी ते वाचलं हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये, प्लास्टिकच्या खुर्चीवर, दोन रात्रींत. आत दादा, पँक्रियाटायटिस म्हणजे स्वादुपिंडाला सूज, कारण दारू. दादा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा, गणपतीत दहा दिवस घरी तोंड दिसायचं नाही. मामा डबा घेऊन आले आणि म्हणाले, "अरे कलावंत माणूस तो, थोडी घेणारच." हे मी पंधरा वर्षं ऐकतोय. बाबांचं उलटं, गिटारनेच पोरगं बिघडलं. दोघंही चूक. सिस्टरने ऑक्सिजन बघायला दादाच्या बोटाला चिमटा लावला तेव्हा हात मी धरला होता, आणि बोटांची टोकं मऊ लागली. तारांनी पडलेले घट्टे, ज्यात तो लहानपणी टाचणी टोचून दाखवायचा आणि मी किंचाळायचो, ते गायबच. म्हणजे कित्येक महिने गिटारला हात नाही, आणि घरी सांगायचा प्रोग्रॅमला चाललोय. नंतर गिटारची बॅग उघडली तर तारांच्या पाकिटांमागे क्वार्टर, अर्धी भरलेली.

आता क्लॅप्टन बघा. हेरॉइनपायी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ऐन उमेदीची वर्षं हा माणूस इंग्लंडमधल्या आपल्या घरात पडून, शेवटी त्याचा गिटारिस्ट मित्र पीट टाउनशेंडने जानेवारी 1973 मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये उभं केलं तेव्हा कुठे लोकांसमोर आला. हेरॉइन सुटलं तर दारू धरली. तो लिहितो की जीव दिला नाही कारण मेल्यावर प्यायला मिळालं नसतं. मामा, यात कला कुठे आली ते सांगा.

1982 ला उपचार, मग पुन्हा सुरू, 1987 ला परत भरती. 1991 ला चार वर्षांचा मुलगा कॉनर न्यूयॉर्कमध्ये 53व्या मजल्यावरून पडून गेला, तरी हा प्यायला नाही. नंतर व्यसनमुक्तीच्या एका मीटिंगमध्ये हे बोलला तेव्हा एक बाई येऊन म्हणाली, तुम्ही माझं शेवटचं निमित्त काढून घेतलंत. मुलांना काही झालं तर प्यायची मुभा, असं तिने मनात धरलेलं. ते पान मी तीनदा वाचलं, कारण आमच्याकडे निमित्तांना तोटा नव्हता, पाऊस पडला तरी आणि नाही पडला तरी.

1999 ला त्याने शंभरेक गिटारी लिलावात काढल्या आणि पैसे अँटिग्वातल्या आपल्या व्यसनमुक्ती केंद्राला दिले. हे बाबांना सांगितलं, ते म्हणाले एकाला शंभर कशाला लागतात.

हां, मधला प्रेमप्रकरणं, गाड्या, मासेमारीचा भाग कंटाळवाणा आहे, सरळ पानं उलटा. आणि 1976 ला बर्मिंगहॅमच्या स्टेजवरून परदेशातून आलेल्या लोकांबद्दल तो जे घाणेरडं बरळला त्याची सारवासारव मला अजिबात पटली नाही. शिवाय पुस्तक वाचून कुणाची दारू सुटत नाही. घरात कुणी असेल तर पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून आहे, आधी तिथे फोन करा. दादाची दुसऱ्या खेपेला सुटली, सध्या तरी.

त्यालाही पुस्तक दिलं होतं. चाळीस पानं वाचून म्हणाला, हा तारा कुठल्या गेजच्या, म्हणजे किती जाडीच्या लावतो ते अजून आलं नाही, आणि ठेवून दिलं. ती प्रत आता मामांकडे आहे, आठ महिने झाले.