‘कर्णमूल उच्छेदन’ म्हणजे नेमकं काय काढतात?

राजारामपुरीतल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. वडिलांचा कान जुनाट फुटलेला, पू येतो, आता मॅस्टॉइडेक्टॉमी ठरली आहे. संमतीपत्राच्या मराठी प्रतीत तिला ‘कर्णमूल उच्छेदन’ म्हटलंय. ते ऐकून आईनं विचारलं, “कान मुळासकट काढत्यात काय रं?” शब्द बरोबर आहे का, आणि घरात काय म्हणावं?

आईंचं काहीच चुकलेलं नाही. मराठीत उच्छेद होतो तो वंशाचा, शत्रूचा. मागे काही उरत नाही. शास्त्रीय लेखनात ‘-एक्टॉमी’साठी, म्हणजे शरीरातला भाग कापून काढण्यासाठी, ‘उच्छेदन’ वापरतात. अपेंडिक्सला ते चालतं, कारण तिथे अख्खं अपेंडिक्सच काढतात. इथे तसं नाही. कानाच्या पाळीमागे बोट ठेवलं की हाडाचा जो उंचवटा लागतो, तो मॅस्टॉइड. आतून तो मधाच्या पोळ्यासारखा हवेच्या बारीक कप्प्यांचा असतो आणि हे कप्पे मधल्या कानाशी जोडलेले असतात. म्हणून कानातला रोग तिथे शिरतो. शस्त्रक्रियेत रोगट कप्पे काढतात. हाडाचा निरोगी भाग राहतो.

‘कर्णमूल’ही मला पटत नाही. चरकसंहितेत सन्निपातज्वराच्या शेवटी कर्णमूलाशी येणारी दारुण सूज सांगितली आहे. ती सहसा कानापुढच्या लाळग्रंथीची मानतात. म्हणजे एकच शब्द कानाच्या पुढेही लागतो आणि मागेही. रुग्णाच्या कागदावर इतकी मोकळीक नको. ‘कानामागचं हाड’ यात गोंधळाला जागाच नाही.

आता क्रियापद, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. मराठीत कीड, वाळवी, रोग हे ‘पोखरतात’, तर माणूस हाताशी हत्यार घेऊन, कुठे थांबायचं ते ठरवून ‘कोरतो’. खिद्रापूरच्या कोपेश्वराचे खांब कोरलेले आहेत, पोखरलेले नाहीत. कोलेस्टिॲटोमा, म्हणजे कानात नको तिथे वाढणारी कातडीची पिशवी, हाड पोखरते. सर्जन ते पोखरलेलं हाड कोरून काढतो. ‘खरवडणे’ वरवरचं होतं. ‘तासणे’ही बाहेरच्या पृष्ठभागाचं काम.

आणि हे खरोखरच कोरणं आहे. जर्मनीच्या हेरमान श्वार्ट्झे यांनी 1873 साली ही शस्त्रक्रिया पद्धतशीर मांडली तेव्हा हत्यारं छिन्नी-हातोडीची होती. आज मायक्रोस्कोपखाली, पाण्याची धार सोडत, बारीक ड्रिलनं हाड उतरवतात. प्रौढांत सुमारे दीड सेंटिमीटर खोल गेल्यावर मुख्य पोकळी लागते. वरती मेंदूचं आवरण, मागे मोठी रक्तवाहिनी, आत चेहरा हलवणारी नस, त्यामुळे कुठे थांबायचं याला एवढं महत्त्व. सुश्रुतानं कानाच्या मागे खालच्या बाजूला ‘विधुर’ नावाचं मर्म सांगितलंय आणि तिथे इजा झाली तर बहिरेपण येतं असं म्हटलंय. ही जागा नाजूक आहे, हे आपल्याकडे फार जुनं ज्ञान आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. नुसतं ‘कान कोरणं’ म्हणू नका. त्याचा अर्थ मळ काढणं असा ठरलेला आहे, आणि ऐकणारा म्हणेल, त्याला ऑपरेशन कशाला? ‘हाड’ हा शब्द सोडायचा नाही. आईंना त्यांच्या बोलीतच सांगा: “कानामागचं किडल्यालं हाड कोरून काढणार हाईत, कान हाय तिथंच ऱ्हातोय.” बाकी बोलताना ‘मॅस्टॉइडचं ऑपरेशन’ हे आता मराठीच झालंय, ते खुशाल वापरा.

संमतीपत्रात मी लिहीन: ‘कानामागील रोगट हाड कोरून काढण्याची शस्त्रक्रिया’. आणि त्यापुढे एक गोष्ट नक्की भरून घेईन: कर्णनलिकेची, म्हणजे बाहेरून पडद्यापर्यंत जाणाऱ्या कानाच्या नळीची, मागची भिंत राखून, की काढून. राखली तर रोग आत लपून राहिला नाही ना, हे पाहायला पुष्कळदा काही महिन्यांनी दुसरी शस्त्रक्रिया किंवा एमआरआय लागतो. काढली तर कानात मोठी पोकळी उरते, ती डॉक्टरांकडून वेळोवेळी साफ करून घ्यावी लागते, आणि कानात पाणी जाऊ नये म्हणून जपावं लागतं.