नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्यापासून भावाचे दात किडायला लागलेत. मनाचा आणि दातांचा खरंच संबंध असतो का?

असतो, आणि दोन्ही बाजूंनी असतो. तुम्ही लिहिलंय की आठ महिन्यांत भावाचे चार दात किडले आणि घरचे त्याला आळशी ठरवून मोकळे झाले. मी डॉक्टर नाही, पण यातून गेलोय.

वडील गेले त्यानंतरचं वर्ष. भांडुपहून रोज लोकल पकडून कामावर जायचो, हिशेब बिनचूक करायचो, पण रात्री ब्रश हातात घेणं काही जमायचं नाही. ज्याला हे झालं नाही त्याला पटत नाही.

डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलीन हे नैराश्याचं औषध दिलं. झोप लागायला लागली, पण तोंडाला अशी कोरड पडायची की भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नसे. त्यावर माझा उपाय काय, तर खिशात लिमलेटच्या गोळ्या! दादर येईपर्यंत चार-पाच सहज चघळून व्हायच्या. तिथेच घात झाला. खाल्ल्यावर तोंडात जे आम्ल तयार होतं ते लाळ धुऊन काढते, दातातून झिजलेलं कॅल्शियम थोडंफार भरून देते. लाळच आटली आणि वर दिवसभर साखर, मग हिरड्यांच्या कडेने कीड लागली.

शिवाय मी झोपेत दात खायचो. आईने जंताचं औषध पाजलं, आपल्याकडे तेच करतात. मला ते ताणामुळे होत होतं. सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटीनसारख्या नैराश्याच्या गोळ्यांनीही काहींना हा त्रास होतो. सकाळी जबडा किंवा कानशिलं दुखतात का, हे भावाला विचारा. रात्री दातांवर घालायचा नाइटगार्ड मिळतो, माझ्या दाढा त्यानेच वाचवल्या.

पहिल्या दातांच्या डॉक्टरांनी "या वयात हे तोंड?" म्हणून झापलं. मी पुढे सहा महिने कुणाकडे फिरकलोच नाही. तोंड उघडायची लाज, म्हणून हसणं बंद, म्हणून माणसं नकोशी. मघाशी दोन्ही बाजूंनी म्हटलं ते हे. शेवटी मुंबई सेंट्रलच्या नायर डेंटल कॉलेजच्या रुग्णालयात गेलो. तिथल्या शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, "कुठल्या गोळ्या चालू आहेत?" तोवर मला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही आपणहून सांगितलं नव्हतं.

तेव्हा गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो दातांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि कोरड पडत असेल तर ते मनाच्या डॉक्टरांनाही सांगा. ते डोस किंवा औषध बदलू शकतात. गोळ्या परस्पर बंद मात्र करू नका. घोट-घोट पाणी, बिनसाखरेचं च्युइंगम आणि फ्लोराइडची पेस्ट, एवढं तरी आजपासून करता येईल. कधी रात्री-अपरात्री त्याला फारच जड गेलं तर १४४१६ ही सरकारची टेली-मानस हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते, फोन फुकट लागतो.

आणि "ब्रश केलास का?" हे रोज विचारू नका. माझ्या बायकोने ब्रश, पेस्ट आणि एक जुना स्टीलचा डबा माझ्या उशाशी आणून ठेवला होता. मी दुपारी दोनला, अंथरुणात बसूनच दात घासायचो.