छोट्या व्यवसायाच्या फोनसाठी एआय रिसेप्शनिस्ट तयार घ्यावा की बनवून घ्यावा?

तुमचं तिघांचं दुरुस्तीचं काम, हात अडकलेले असताना फोन वाजून बंद होतो, आणि एक सॉफ्टवेअर डेव्हलपर ‘फोन उचलून बोलणारा, वेळ नोंदवणारा बॉट तुमच्यासाठी खास बनवून देतो’ म्हणतोय. माझं मत आधीच सांगतो: आत्ता तयार घ्या. बनवून घ्यायचा की नाही, ते महिनाभराने ठरवा.

मी हे उलट्या क्रमाने केलं. आधी बनवून घेतला. आत तीन कप्पे होते: बोलणं ऐकून मजकूर करणारा, त्यावर उत्तर सुचवणारं भाषा-मॉडेल, आणि उत्तर बोलून दाखवणारा आवाज. तिन्ही दुसऱ्यांच्याच सेवा. आमचं ‘खास’ म्हणजे त्यांना जोडणारा कोड. सुरुवातीला झकास चाललं. मग एके दिवशी, ज्या कॅलेंडरमध्ये तो वेळा नोंदवायचा त्याच्याशी असलेल्या जोडणीची मुदत संपली आणि बॉटला ते कळलंच नाही. चार दिवस तो प्रत्येकाला गोड आवाजात ‘तुमची वेळ नोंदवली आहे’ सांगत होता. लोक ठरल्या वेळी दारात हजर, आणि आमच्याकडे नोंदच नाही. बनवणारा तोवर दुसऱ्या कामात गुंतलेला. बनवण्याचे पैसे मी मोजले होते, सांभाळण्याचे नाही.

म्हणून तयार सेवा चाचणीसाठी घ्याल तेव्हा एक खोडी जरूर करा. कॅलेंडरची जोडणी मुद्दाम तोडा आणि फोन लावून वेळ मागा. ‘आत्ता नोंद होत नाहीये, निरोप घेतो, परत फोन येईल’ असं म्हणाला तर ठीक. नोंदवली म्हणाला तर दुसरी सेवा बघा.

आवाजावर भाळू नका. वेबसाइटवरचा नमुना स्वच्छ मायक्रोफोनवर ऐकवलेला असतो. साध्या फोन लाइनवर आवाज सेकंदाला 8,000 वेळा मोजला जातो आणि साधारण 300 ते 3,400 हर्ट्झ एवढाच पट्टा पोहोचतो, म्हणजे फार खालचे आणि फार वरचे सूर गळतात. त्यात ‘स’ आणि ‘फ’ सारखेच वाटू लागतात. आडनावं आणि पत्ते तिथेच बिघडतात. त्यामुळे चाचणी रस्त्यावरून, गोंगाटातून करा. एका वाक्यात दोन भाषा मिसळून बोला. नंबर सांगता सांगता ‘नाही नाही, शेवटी सात’ अशी दुरुस्ती करा. बॉट बोलत असताना मध्येच तोंड घाला आणि तो गप्प होतो का पाहा. माणसं एकमेकांना सरासरी 0.2 सेकंदात उत्तर देतात; बॉटला सेकंदभर लागला की समोरचा ‘हॅलो? हॅलो?’ सुरू करतो आणि मग दोघंही एकदम बोलतात. (आमच्याकडे एका आजोबांनी यावर बॉटला चांगलंच झापलं होतं. रेकॉर्डिंग अजून आहे.)

सगळे फोन त्याच्या हवाली करू नका. कॉल फॉरवर्डिंगमध्ये ‘उचलला नाही तर’ आणि ‘लाइन व्यस्त असेल तर’ असे वेगळे पर्याय असतात, तेवढेच लावा. पहिला हक्क माणसाचा राहतो, नंबर तुमचाच राहतो, आणि सेवा पटली नाही तर फॉरवर्डिंग काढलं की सुटलात. सेवेने दिलेला नवा नंबर पाटीवर छापून बसू नका, नाहीतर उद्या सोडता येणार नाही.

दर बहुतेक ठिकाणी मिनिटावर असतो. नको असलेल्या फोनचीही मिनिटं मोजतात का, तेवढं विचारून घ्या. आणि ‘मी एआय सहायक आहे’ हे पहिल्याच वाक्यात येऊ द्या. युरोपीय संघाच्या 2024च्या एआय कायद्यात तर तशी तरतूदच आहे. पण कायदा नसला तरी मागाहून कळलेला माणूस जास्त चिडतो.

महिनाभर बॉटचे रोज पाच-सहा संवाद वाचा आणि तो कुठे अडतो ते लिहून ठेवा. दर वेळी वेगळीकडे अडत असेल तर बॉटला दिलेल्या सूचना नीट लिहिल्याने बरंच सुधारतं. पण पुन्हा पुन्हा एकाच जागी अडत असेल, समजा वेळ देताना कारागीर, यंत्र आणि सुटा भाग असं तिन्ही बघावं लागतं आणि ते तुमच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्येच आहे, तर तेवढ्यापुरतं बनवून घेण्यात अर्थ आहे. तेव्हाही फोन, आवाज वगैरे सांभाळणारा व्हॅपी (Vapi) किंवा रीटेल (Retell) यांसारखा तयार प्लॅटफॉर्म खाली ठेवून वरचा भागच बनवून घ्या.

डेव्हलपरला सध्या एवढंच विचारा: रात्री जोडणी तुटली तर निरोप कोणाला जातो, आणि तो उठून काय करतो?