एचआयव्ही प्रतिबंधाच्या ट्रायलमधली माणसं दोन-तीन वर्षं टिकवायची कशी?

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीच्या बाजूला फिल्डवर्करची नोकरी लागतेय, काम म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणूनच्या औषधाच्या अभ्यासात आलेल्या माणसांना दर तीन महिन्यांनी व्हिजिटला आणायचं, आणि सर सारखे रिटेन्शन रिटेन्शन करतायत, म्हणजे नाव नोंदवलेली माणसं शेवटपर्यंत व्हिजिटला येत राहिली पाहिजेत. मी पुण्यात सहा वर्षं फॉलोअपचंच काम केलंय, आता इकडे मिरकरवाड्याला खलाशांच्या टेस्टिंगचं बघते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी कॅलेंडर बघा. कॉम्प्युटर व्हिजिटची तारीख पहिल्या दिवसापासून मोजून काढतो, त्याला बंदर काय माहीत. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, बोटी किनाऱ्याला, नेपाळचे खलाशी गावी गेलेले, आणि नेमकी तेव्हाच व्हिजिट आली की माणूस मिस्ड. त्याने काही सोडलेलं नसतं हो, तो घरी गेलेला असतो. म्हणून नाव नोंदवतानाच विचारून घ्या, गावाला कधी जाणार, परत कधी येणार, आणि मेच्या शेवटी केलेली व्हिजिट विंडोत, म्हणजे तारखेच्या आगेमागे जेवढे दिवस चालतात त्यात, बसते का ते डॉक्टरांकडून आधीच काढून ठेवा. मुंबईला कामाला असलेले गणपतीला आणि शिमग्याला गावात येतात, त्या आठवड्यात सेंटर एक दिवस तरी उघडं राहू दे म्हणून भांडा, मी भांडलेय.

फोन नंबरवर विसंबू नका, सिम बदलतच राहतं. लोकेटर फॉर्मवर, म्हणजे माणूस कुठे सापडेल ते लिहायच्या कागदावर, बोटीचं नाव, तांडेलाचा (बोट चालवणाऱ्या म्होरक्याचा) नंबर, बहिणीचा नंबर सगळं घ्या, दर व्हिजिटला परत विचारा. पण प्रत्येक नंबरापुढे त्या माणसालाच विचारून लिहा की इथे फोन केला तर मी कोण म्हणून सांगू आणि घरी यायचं की नाही. हे मी चुकून शिकले. पुण्यात एक ताई दोन व्हिजिट आल्या नाहीत म्हणून मी सेंटरच्या गाडीने थेट त्यांच्या दारात गेले, गाडीवर लाल रिबिनीचा, म्हणजे एड्सच्या खुणेचा, स्टिकर, वाडीतली पोरं गाडीभोवती गोळा, सासू बाहेर आली. त्या ताई परत कधीच आल्या नाहीत आणि नंतर कळलं की घरात त्यांचे फार हाल झाले. ते अजून मनातून जात नाही. तुम्ही चालत जा, साध्या कपड्यात जा, आणि त्यांनी होय म्हटलं असेल तरच जा.

भाडं आणि बुडालेली मजुरी एथिक्स कमिटीने (अभ्यासात माणसांवर अन्याय होत नाही ना ते बघणाऱ्या समितीने) जेवढी ठरवली असेल तेवढी त्याच दिवशी हातात द्या, सही नंतर आणतो वगैरे करू नका.

आता जे सरांना दिसत नाही पण तुम्हाला दिसायला हवं ते सांगते. आफ्रिकेत एचआयव्ही प्रतिबंधाच्या औषधांची व्हॉइस नावाची मोठी ट्रायल झाली, 5,029 बायका, दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेत, 2009 ते 2012. रिटेन्शन 91 टक्के! विचारलं तर बहुतेक जणी सांगायच्या औषध घेतोय म्हणून, आणि रक्त तपासलं तर औषध सापडलेले नमुने 30 टक्क्यांच्या पुढे गेले नाहीत. बायका येत होत्या पण गोळ्या घेत नव्हत्या, कारण तीच औषधं एचआयव्ही असलेल्यांना देतात, डबी कुणी बघितली तर हिलाच झालाय म्हणतील ही भीती, नवऱ्याची भीती, अंगावर काही उठेल ही भीती. आणि सेंटरमध्ये खरं बोलायची सोय नव्हती, असं मला वाटतं. म्हणून "गोळ्या घेतल्या ना?" असं कधी विचारू नका, त्याला उत्तर एकच येतं. "गेल्या आठवड्यात किती चुकल्या, बोटीवर ठेवायला जागा आहे का?" असं विचारा, आणि चुकल्या म्हणाला तर तोंड वाकडं करू नका, ओरडू नका. माझा अनुभव असा की ज्याला चुकलेलं सांगता येतं तो पुढच्या व्हिजिटलाही येतो, जो खोटं बोलतो तो गोळ्या मोजायची वेळ आली की गायब होतो.

आता एचआयव्ही होऊ नये म्हणून लेनाकापाविर नावाच्या औषधाची सुई आलीय ती वर्षातून दोनदा, 2024 मध्ये आफ्रिकेतल्या ट्रायलमध्ये ती घेणाऱ्या 2,134 मुली-बायकांत एकीलाही लागण झाली नाही. डबी लपवायचा प्रश्न सुटला, पण सुईची तारीख पाळायला माणूस यावाच लागतो.

एक लक्षात ठेवा, नको म्हणणाऱ्याला ओढून आणायचं नाही. कारण न सांगता कधीही सोडता येतं, तसं संमतीपत्रावरच लिहिलेलं असतं. मात्र बेपत्ता झालेल्यांत लागण झालेले जास्त असतील तर औषधाचा हिशोबच चुकतो, म्हणून सोडणाऱ्याला एवढंच विचारा की शेवटची एक टेस्ट करून जाशील का. नाही म्हणाला तर फोन करणं बंद करा, आणि सिव्हिलला टेस्ट फुकट होते, नाव बाहेर जात नाही, हे जाता जाता सांगा.